तीन सह्यांचं तळं

भूगोलाच्या बाई वर्गात आल्या की हजेरीच्या आधी डोंगराला पाणी घालत.

वर्गाच्या मधोमध पलंगाएवढं टेबल होतं. त्यावर वाळूचे डोंगर, वाळूची दरी आणि निळ्या लोकरीची नदी. बाई झारी उचलून सगळ्यात उंच डोंगराच्या डोक्यावर धरत आणि विचारत, "पाणी कुठे जाईल?"

समोर चोवीस जण बसलेले असत. त्यातले बारा वर्षभरात सैन्यात अधिकारी होणार आणि बारा कुठल्या ना कुठल्या जिल्ह्याचा कारभार बघणार. पहिल्या बारा जणांना वाटे की पाणी हुकूम दिला तिकडे जाईल. दुसऱ्या बारा जणांना वाटे की पाणी रीतसर अर्ज आल्यावर जाईल. पाणी मात्र दरवर्षी उताराने जाई, टेबलाच्या कडेवरून खाली पडे आणि पहिल्या बाकावरच्या माणसाच्या बुटात शिरे.

"आता कळलं?"

"कळलं मॅडम," पहिला बाक म्हणे. मागच्या बाकांना कळायला आणखी सहा आठवडे लागत. बाईंचा अभ्यासक्रमही सहाच आठवड्यांचा होता.

या सहा आठवड्यांत खुर्चीचा उपयोग फक्त बूट घालण्यापुरता. आपली शंभर मीटरमध्ये किती पावलं पडतात ते प्रत्येकाला आपल्या रक्तगटासारखं पाठ असावं लागे. कंपास हातात, नकाशा गळ्यात, आणि समोर ओढा, काटे, कुणाचा तरी बैल. "उद्या तुमच्या एका सहीवर चार हजार माणसं घर उचलून चालायला लागतील," बाई म्हणत. "त्यांच्या वाटेत काय आहे हे तुम्हाला माहीत नसेल, तर निदान त्यांना आधी विचारा. ते तुमच्यापेक्षा शहाणे असतात. फक्त त्यांच्याकडे शिक्का नसतो."

बाईंचा स्वतःवर भारी विश्वास होता. आयुष्यात एकदाच त्यांना आपलं काही चुकतंय अशी शंका आली होती, आणि ती शंका चुकीची निघाली.

अभ्यासक्रमाच्या शेवटी परीक्षा असे आणि परीक्षेत एक खोटं असे. चौदा वर्षांपूर्वी बाईंनी वीस किलोमीटरवरच्या एका खोऱ्याचा सरावासाठी नकाशा काढला. डोंगर खरे, ओढा खरा, रस्ता खरा, गावाची घरंसुद्धा मोजून खरी. फक्त गावाच्या पश्चिमेला, माळावर, त्यांनी एक तळं काढलं. तिथे तळं नव्हतं. तिथे काहीच नव्हतं. प्रशिक्षणार्थ्यांनी नकाशा घेऊन खोऱ्यात चालायचं, नकाशातलं खोटं शोधायचं आणि संध्याकाळी येऊन सांगायचं. ज्याला सापडलं तो पास.

तळं नेमकं तिथेच का काढलं, हे त्या कुणाला सांगत नसत. पण खोटं बोलायचं तर तेही उतार बघूनच बोलावं, असं त्यांचं मत होतं. त्या माळाकडे तिन्ही बाजूंनी उतार होता. तिथे तळं नव्हतं हा बाईंच्या मते निसर्गाचा निष्काळजीपणा होता.

या वर्षी परीक्षेच्या आठवडाभर आधी संचालकांनी बाईंना बोलावलं. संचालक निवृत्त सेनाधिकारी होते आणि आयुष्य मिनिटांत मोजत.

"बाई, माझ्याकडे सात मिनिटं आहेत."

"माझ्याकडे चौदा वर्षं आहेत. बोला."

"सहा आठवडे जास्त होतात. आता पडदे आलेत. वरून फोटो येतात, यंत्र सांगतं कुठे काय आहे. एक कंपनी आपल्याला सगळं बसवून देतेय. भूगोल दोन दिवसांत संपेल."

"भूगोल संपेल?"

"अभ्यासक्रम संपेल."

"आणि ते काटे, ओढे, बैल?"

"बैल पडद्यावर दिसतात."

"शिंगं मारतात का?"

संचालकांनी घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं उरली होती आणि ती बैलावर घालवायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी सरळ सौदा टाकला. परीक्षेच्या दिवशी एकीकडे प्रशिक्षणार्थी पायी जातील, दुसरीकडे कंपनीचा माणूस पडद्यावर तेच खोरं बघेल. बाईंच्या नकाशातलं खोटं पडद्याने पकडलं, तर भूगोल दोन दिवसांचा. नाही पकडलं, तर सहा आठवडे कायम.

"कबूल," बाई म्हणाल्या. एक मिनिट शिल्लक ठेवून त्या उठल्या. "यंत्र कागदावर विश्वास ठेवतं, साहेब. त्याला नकाशा दिला की ते तळ्यात मासेसुद्धा दाखवेल."

घरी पोचल्या तेव्हा फोन वाजत होता. धाकटी बहीण.

"ताई, एक सांगायचं होतं. रागावू नकोस."

"म्हणजे रागावण्यासारखं आहे."

"ती पडद्यांची कंपनी आहे ना, तुमच्या संस्थेत येणारी? तिच्याकडून तुझा भाचा येतोय. त्याचं पहिलं मोठं काम आहे गं. जरा सांभाळून घे."

हा भाचा सात वर्षांचा असताना बाजारात हरवला होता. सापडला तेव्हा घराच्याच दारात उभा होता आणि हे घर कुणाचं म्हणून विचारत होता.

"तो लोकांना रस्ते दाखवतो?" बाईंनी विचारलं.

"यंत्र दाखवतं, ताई. तो फक्त बटण दाबतो."

"मग ठीक आहे. जेवायला काय आवडतं त्याला अजून? तेच ना, सगळं?"

परीक्षेच्या दिवशी सकाळी सहाला ट्रक निघाला. चोवीस जणांच्या बारा जोड्या, प्रत्येक जोडीत एक लष्करी आणि एक मुलकी. ही बाईंचीच पद्धत. लष्करी माणूस चालायला लागला की थांबत नाही आणि मुलकी माणूस थांबला की चालत नाही. दोघांना बांधून सोडलं की गती बरोबर येते, असा अनुभव होता.

बाराव्या जोडीत सावधान आणि टिपणी होते. सावधानचं खरं नाव वहीत होतं, पण तो झोपेतसुद्धा टाचा जुळवून झोपतो हे कळल्यापासून सगळे त्याला सावधान म्हणत. टिपणी ही होऊ घातलेली जिल्हाधिकारी. कुणी शिंकलं तरी ती वेळ लिहून ठेवे.

प्रश्न दरवर्षीसारखा. नदीला पूर आलाय. चार हजार माणसं हलवायची आहेत. छावणी कुठे टाकाल? आणि नकाशात एक गोष्ट खोटी आहे, ती कुठली?

"पायात काय मोडलं तर?" कुणीतरी ट्रकमधून विचारलं.

"नकाशावर खूण करा आणि पुढे चला," बाई म्हणाल्या आणि ट्रकला हात केला.

त्या स्वतः गेल्या नाहीत. पूर्वी जात. मग एक वर्ष सर्दी झाली, पुढच्या वर्षी पेपर तपासायचे होते, आणि त्यानंतर कारणाचीही गरज उरली नाही. उत्तर माहीत असलेल्या जागी कोण कशाला जाईल?

दुपारी चारला सभागृह भरलं. भाचा मंचावर होता. अंगात कोट, कानात काहीतरी, मागे भिंतभर पडदा. समोर संचालक, शेजारी बाई.

"नमस्कार मावशी... मॅडम," भाचा म्हणाला. सभागृहात कुणीतरी खोकलं.

"नमस्कार. डावा हात कुठला?"

"मावशी, प्लीज."

"बरं, चालू कर."

भाच्याने बाईंचा नकाशा यंत्राला दिला. मग त्याच खोऱ्याचा वरून काढलेला फोटो शेजारी आणला. एक गोल फिरला, थांबला. नकाशातल्या तळ्याभोवती लाल चौकट आली आणि खाली अक्षरं उमटली: येथे तळे आढळत नाही. सपाट हिरवे मैदान.

"चार सेकंद," भाचा म्हणाला. त्याला स्वतःलाच बरं वाटलं होतं.

संचालकांनी बाईंकडे पाहिलं. बाई पडद्याकडे बघत होत्या. पडद्याने नकाशावर विश्वास ठेवला नव्हता, ही गोष्ट त्यांना मनातून आवडलीच. पण तिची किंमत सहा आठवडे होती.

"आणि छावणीसाठी यंत्राची शिफारस," भाचा जोरात आला होता, "हेच मैदान! रस्त्यापासून जवळ, सपाट, झाडं नाहीत, दगड नाहीत. चार हजार माणसं आरामात. दोनशे तंबूंचा आराखडासुद्धा काढलाय."

मैदानावर दोनशे पांढरे ठिपके ओळीने उमटले. फारच सुबक दिसत होतं. संचालकांनी मान डोलावली. रांगेत उभं केलेलं काहीही त्यांना आवडे.

एवढ्यात ट्रक आला. पहिल्या जोडीने उत्तर दिलं: तळं खोटं. छावणी त्याच माळावर. दुसरी जोडी: तळं खोटं, छावणी माळावर. तिसरी, चौथी, पाचवी, तेच. अकरा जोड्यांची अकरा उत्तरं एकाच साच्यातली. बाईंच्या कपाटातलं नमुना-उत्तरही तेच होतं. आणि पडद्याचंही.

"म्हणजे सगळ्यांचं एकमत आहे," संचालक म्हणाले. "फक्त यांना दहा तास लागले आणि त्याला चार सेकंद. बाई, मला वाईट वाटतं, पण सौदा सौदा असतो."

"बारावी जोडी यायचीय," बाई म्हणाल्या. अडचणीत आल्या की त्या मोजत.

ट्रक चुकल्याने मागून आलेली बारावी जोडी दारात उभी राहिली. सावधान छातीपर्यंत हिरवा होता. हिरवा म्हणजे रंगवल्यासारखा, बारीक बारीक पानांनी मढवलेला. टिपणी कमरेपर्यंत हिरवी होती आणि वही डोक्यावर धरून आली होती. दोघांच्या मागे ओल्या पावलांची रांग.

सावधानने टाचा जुळवल्या. बुटांतून पाणी उडालं आणि पहिल्या बाकावर पडलं.

"मॅडम! तळं आहे!"

सभागृह हसलं. बाई हसल्या नाहीत.

"कुठलं तळं?"

"नकाशातलं, मॅडम. गावच्या पश्चिमेला. मला माळ दिसला. हिरवा, सपाट. नकाशा म्हणत होता तळं, डोळे म्हणत होते माळ. तुम्ही शिकवलंय की ठरवायचं ते पायांनी. कंपास लावला, सरळ चाललो. सत्तावीस पावलं कोरडी. अठ्ठाविसावं पाऊल..."

"अठ्ठाविसावं पाऊल अकरा वाजून सहा मिनिटांनी," टिपणीने वहीतून वाचलं. "ते जमिनीवर पडलं नाही. मी हाक मारली, 'थांब.' तो थांबला. पण तोपर्यंत छातीपर्यंत आत होता. आणि थांबलाय म्हणून बाहेर येईना."

"थांब म्हटलं होतं," सावधान म्हणाला.

"मग 'विश्राम' म्हणायला मला आत जावं लागलं. बाहेरून ऐकू येत नव्हतं, बदकं ओरडत होती."

"बदकं?" संचालकांनी विचारलं.

"चौतीस, सर."

भाच्याने फोटो मोठा केला. अजून मोठा केला. हिरवं, सगळं हिरवं. "वरून तर मैदानच दिसतंय," तो म्हणाला. "मावशी, तूच सांग, तिथे तळं आहे?"

आयुष्यात पहिल्यांदा मावशी आणि भाचा एका बाजूला आले होते.

"नाही," बाई म्हणाल्या. "तिथे तळं असूच शकत नाही. ते मी काढलंय."

मग त्यांनी सावधानच्या बाहीवरचं एक पान नखाने उचललं, उजेडात धरलं. पान नखापेक्षाही लहान होतं. पाण्यावर सायीसारखं पसरणारं, आणि फक्त साचलेल्या पाण्यावर वाढणारं. ते पान बाईंशी वाद घालायला तयार नव्हतं.

"साहेब, ट्रक थांबवून ठेवा," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे किती मिनिटं आहेत?"

"सात."

"दोन तास लागतील."

सूर्य मावळायच्या आत सगळे माळाच्या कडेला उभे होते. समोर हिरवंगार मैदान. वारा नव्हता. संचालकांना ते परेडच्या मैदानापेक्षा चांगलं वाटलं आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. मग त्यांनी हातातली काठी जमीन किती घट्ट आहे ते बघायला समोर टेकवली. काठी टेकली नाही. ती शांतपणे, सन्मानाने आत गेली, हातातून सुटली आणि दहा हात लांब जाऊन वर आली. दोन बदकं तिची चौकशी करायला निघाली.

"छावणी इथे?" संचालकांनी भाच्याला विचारलं.

"सर, तंबूंचा एक तरंगणारा प्रकारही..." भाचा म्हणाला आणि मावशीने बघताच एक पाऊल मागे सरकला.

बांधावरून एक बाई येत होती. हातात काठी, तोंडात शिव्या, शिव्या बदकांना. ही बदकं पाळणारी. तिने ट्रक पाहिला, गणवेश पाहिले, सावधानला पाहिलं.

"हा परत आला? सकाळी माझी बदकं बिथरवली याने. पाण्यात खांबासारखा उभा. मला वाटलं, सरकारने मोजमापाला खांब रोवलाय."

"हे तळं कधी झालं?" बाईंनी विचारलं.

"चार वर्षं झाली."

"कुणी खोदलं?"

"सरकारने. पण त्याआधी सरकारने आमच्यावर तळं चोरल्याचा आळ घेतला, ते आधी ऐका." तिने काठी बगलेत मारली. आता गोष्ट पूर्ण झाल्याशिवाय कुणी जाणार नाही हे तिने ठरवलं होतं. "एक साहेब आला. तरणा, चष्म्याचा. त्याच्या कचेरीतला नकाशा म्हणे वाळवीने खाल्ला. याच्याकडे शिकताना दिलेला एक नकाशा होता, तोच भिंतीला लावला, वर शिक्का मारला. झालं! वरून तपासणी आली. नकाशात तळं आहे, जागेवर नाही. तळं कुठे गेलं? माझ्या सासऱ्यांना दोन दिवस बसवून विचारलं, तळं कुणी पळवलं? सासरे म्हणाले, मी ऐंशी वर्षांचा आहे, मला पाण्याची घागर उचलत नाही, मी तळं कुठे नेणार?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं आणि संचालक वळताच थांबलं.

"मग?"

"मग तो साहेब डोक्याला हात लावून बसला माझ्या दारात. त्याला आठवलं म्हणे, हे तळं खोटं आहे, परीक्षेतलं आहे, यावर त्याला दहापैकी दहा मिळाले होते. पण शिक्का बसलेला. तो म्हणाला, काकू, नकाशातून तळं पुसायला सतरा सह्या लागतात, आणि नवीन खोदायला तीन. मी म्हटलं, मग बाबा, वाट कुणाची बघतोस? चाळीस दिवसांत खोदलं. पहिल्याच पावसात काठोकाठ. तीन कोरडी वर्षं काढली गावाने या पाण्यावर. ज्याने ही जागा नकाशात काढली ना, तो माणूस मोठा जाणकार असणार. थोडं इकडे नाही, थोडं तिकडे नाही. पाणी आपणहून चालत येतं."

"तो माणूस बाई आहे," बाई म्हणाल्या. एवढं म्हणून घ्यायचा मोह त्यांना आवरला नाही.

पण लगेच दुसरा विचार आला आणि तो नको तिथे टोचला. तळ्याला चार वर्षं झाली होती. चार वर्षं दरवर्षी चोवीस जण या खोऱ्यात येत होते. चार वर्षं सगळ्यांनी 'तळं खोटं' असं लिहिलं होतं, आणि त्यांनी सगळ्यांना दहापैकी दहा दिले होते.

त्या अकरा जोड्यांकडे वळल्या.

"आज तुम्ही इथपर्यंत आला होता?"

अकरा जोड्यांना एकाएकी आपले बूट आवडायला लागले. सगळे बुटांकडे बघत होते. बूट कोरडे होते.

"खरं सांगा. मी पाण्यात ढकलणार नाही. बहुतेक."

"मॅडम, रस्त्यावर चहाची टपरी आहे," एक जण म्हणाला. "वरच्या तुकडीने सांगितलं होतं, तळं खोटं असतं. त्यांना त्यांच्या वरच्या तुकडीने. म्हटलं, उगाच..."

"टिपणी, तुला नव्हतं सांगितलं?"

"सांगितलं होतं, मॅडम. पण उत्तराच्या कागदावर छापलंय, 'जागेवर जाऊन पाहणी केली.' पाहणी केल्याशिवाय त्याखाली सही कशी करू?"

"आणि तू?"

"मला कुणी काही सांगत नाही, मॅडम," सावधान म्हणाला. "मी लगेच वर कळवतो."

बाईंनी पिशवीतून उत्तरपत्रिकांचा गठ्ठा काढला. ट्रकच्या बॉनेटवर ठेवला. अकरा कागदांवर अकरा शून्यं काढली, गोल, सावकाश. बाराव्यावर दहा. मग एक कोरा कागद घेतला, वर स्वतःचं नाव लिहिलं, खाली शून्य काढलं. ते जरा वाकडं आलं म्हणून पुसून पुन्हा नीट काढलं.

"बाई, हे काय?" संचालक म्हणाले.

"चार वर्षं मीही टपरीवरच बसले होते, साहेब. माझी टपरी कपाटात होती, एवढंच." त्यांनी कागद गठ्ठ्यात सरकवला आणि मान वर केली. शून्य मिळालेल्या माणसाची मान इतकी वर असलेली संचालकांनी पाहिली नव्हती. "आता सौद्याचं बोलू. पडद्याने माझं खोटं पकडलं?"

संचालकांनी तळ्याकडे पाहिलं. त्यांची काठी आता एका बदकाची झाली होती.

"खोटं उरलंच नव्हतं," ते म्हणाले.

"म्हणजे नाही पकडलं. उलट दोनशे तंबू पाण्यात लावले. अकरा जोड्यांनीही लावले. मीही लावले असते. चार हजार माणसं, साहेब. अंधारात, पुरातून वाचवून आणलेली, आणि आपण त्यांना इथे चालवत आणलं असतं. वाचवलं कुणी? अठ्ठाविसाव्या पावलाने."

या वेळी संचालकांनी घड्याळ पाहिलं नाही.

"सहा आठवडे कायम," ते म्हणाले. "पण यापुढे तुम्हीही चालायचं."

"आठ."

"काय आठ?"

"आठ आठवडे करा. या बावीस जणांना पुन्हा चालवायचंय, आणि मला तेविसावी म्हणून जायचंय."

"बाई, तुम्ही हरता हरता वाचलात आणि वर दोन आठवडे मागताय?"

"हरले असते तर बारा मागणार होते."

संचालकांनी हवेत आकडा शोधला आणि त्यांना सवयीचा तोच सापडला. "सात."

"सात," बाई म्हणाल्या. सातच हवे होते.

भाचा बाजूला उभा राहून आपला लहान पडदा बघत होता. कोटाचा खालचा काठ हिरवा झाला होता. त्यानेही गुपचूप एक पाऊल टाकून बघितलं होतं.

"मावशी, संपलं माझं. कंपनी काढून टाकेल."

"वेडा आहेस. तुझ्या यंत्राने ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवला नाही, खोरं स्वतः बघितलं. हे माझ्या बावीस जणांना जमलं नाही." बाई त्याच्या कोटावरची पानं झाडत म्हणाल्या. "साहेब, पडदा राहू दे वर्गात. पहिल्या दिवशी हा दाखवेल की वरून काय दिसतं. मग सात आठवडे आम्ही खालून बघू. आणि हा पण येईल सोबत. पहिल्या बाकावर बसेल."

"पहिल्या बाकावर बुटात पाणी जातं," भाचा म्हणाला. आईने त्याला सांगितलं असावं.

"जातं."

फोन वाजला. धाकटी बहीण. "ताई, कसं झालं गं? माझ्या जिवाला घोर लागलाय."

"छान झालं. त्याला सात आठवडे ठेवून घेतलंय. जाड तळव्याचे बूट पाठव. आणि त्याला एकट्याला स्टेशनवर सोडू नकोस."

ट्रकमध्ये सगळे चढायला लागले. बाई शेवटी निघाल्या, तेव्हा बदकांवाली मागून आली.

"तुम्हीच काढता ना तो नकाशा?"

"मीच."

"यंदा नवीन काढणार असाल. म्हणजे जुनं खोटं तर आता खरं झालं."

"काढावा लागेल."

बदकांवालीने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "ओढ्यावर पूल नाही. पावसाळ्यात शाळेच्या पोरांना खांद्यावरून न्यावं लागतं. पुढच्या नकाशात एक पूल काढाल?"

"तिथे पूल नाही तर तो खोटा होईल."

"तुम्ही खोटाच काढा. पुढचं आम्ही आणि तपासणी बघून घेऊ."

बाईंनी ट्रकला थांबायची खूण केली. संचालक काहीतरी म्हणाले. त्यांच्याकडे बहुतेक सात मिनिटं होती. बाई ओढ्याच्या काठाला गेल्या. एका ठिकाणी पात्र अरुंद होतं, पण तिथे काठ माती सोडत होता. त्या पुढे गेल्या. दोन्ही बाजूंना कातळ दिसल्यावर थांबल्या, बूट न काढता पाण्यात उतरल्या आणि पलीकडे जाईपर्यंत मोजत राहिल्या.

"एकतीस पावलं," पलीकडून त्यांनी ओरडून सांगितलं. "टिपणी, लिही."

"लिहिलं, मॅडम. सहा वाजून दोन मिनिटं."

"रुंद काढा हं," बदकांवाली काठावरून म्हणाली. "दोन गाड्या समोरासमोर आल्या तर अडायला नकोत."

बाईंनी पेन्सिलीचं टोक बघितलं, आणि कागदावर दोन रेघांमधलं अंतर थोडं वाढवलं.